घरी बांधलेलं विमान लोकांसमोर मांडताना

कराडच्या विमानतळावर असो की सांगलीतल्या एखाद्या कॉलेजच्या मैदानावर, विमान मांडायचं तर पहिली काळजी वाऱ्याची घ्यावी लागते. तारीख शक्यतो डिसेंबर-जानेवारीतली धरा. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत आभाळ स्वच्छ असतं आणि मग अचानक वळीव येतो. पावसाआधी जे वावटळीसारखं वारं सुटतं, तेच विमान उलथवतं. हिशेब करून बघा: जो पंख ताशी ६० किलोमीटर वेगाला ४५० किलो पेलून धरतो, तो नाक वर असताना ५० किलोमीटरच्या झोतातही ३१० किलोच्या आसपास उचलतो. रिकामं विमान २७० किलोचं असेल, तर ते जागेवर राहणार नाही. शेपटीखाली चाक असलेलं विमान उभं असतानाच नाक वर करून असतं, म्हणून त्याला धोका जास्त. त्याची शेपटी मजबूत घोडीवर उचलून ठेवा आणि तिथेच बांधा.

बांधायच्या जागा तीन: दोन्ही पंखांखालच्या कड्या आणि शेपटी. दोर नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा, १२ मिलिमीटर जाडीचा, जमिनीशी साधारण ४५ अंशांत. सुती किंवा तागाचा दोर नको. ओला झाला की आखडतो आणि कडीवर ताण येतो. इंचभर ढील ठेवा. त्याहून जास्त ठेवली तर विमान हिसके खातं आणि दोर तिथेच तुटतो. पंखाच्या टेकूला मध्यावर बांधू नका, तो वाकतो. मेखा मुरमाड जमिनीत पहारीएवढ्या जाडीच्या, किमान दोन फूट आत, दोराच्या उलट्या बाजूला कललेल्या ठोका. काळ्या रानात मात्र मेखेचा भरवसा नाही. एक सर पडली की माती लोणी होते. तिथे प्रत्येक पंखाखाली पाण्याने काठोकाठ भरलेला २०० लिटरचा ड्रम उभा करून त्याला बांधा. पाण्याचेच २०० किलो होतात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळ्यांची ओट लावा आणि कॉकपिटमधला विमान वळवायचा दांडा सीटच्या पट्ट्याने आवळून ठेवा, म्हणजे शेपटीचे पडदे वाऱ्यात आपटणार नाहीत.

आता प्रोपेलर. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं यंत्र, असलेल्या इंजिनात स्विच ‘बंद’ केला म्हणजे मॅग्नेटोची तार इंजिनाच्या धातूला जोडली (अर्थ केली) जाते, एवढंच. ती तार कुठे तुटली असेल तर किल्ली तुमच्या खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि एखाद्या पोराने पातं हाताने फिरवलं तर इंजिन ठिणगी घेऊ शकतं. म्हणून किल्ली काढणं पुरेसं नाही. इंधनाचा कॉक बंद करा, बॅटरीची ऋण तार सोडा, सगळ्या प्लगच्या टोप्या काढून बाजूला बांधा आणि प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून घ्या. भोकात धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिकची टोपी लावा. प्रोपेलरच्या बाजूने दोरीचं कुंपण दोन मीटर तरी लांब ठेवा आणि तिथे एक माणूस कायम उभा करा. दुसरा माणूस पंखाच्या मागच्या कडेला. लहान मुलांचं डोकं नेमकं तिथेच आपटतं.

एका गोष्टीची तयारी फार कमी लोक करतात. आपल्याकडे विमान आलं की हार येतो, नारळ येतो, कुंकू येतं. लोकांचं प्रेम आहे, अडवू नका, फक्त जागा नेमून द्या. हार तारेचा नको, दोऱ्याचा हवा, आणि तो प्रोपेलरला न घालता समोरच्या टेबलावरच्या फोटोला घाला. नारळ चाकापासून दहा फुटांवर दगडावर फोडा. तेलात कालवलेलं कुंकू कापडी पंखाच्या रंगात मुरलं की निघत नाही. चाकाखाली ठेवलेली लिंबं विमान हलवण्याआधी मोजून काढा.

काचेसारखा दिसणारा घुमट अॅक्रिलिकचा असतो. काच पुसायच्या स्प्रेने, पेट्रोलने किंवा थिनरने त्यावर बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. आधी भरपूर पाणी ओता, मग मऊ सुती फडक्याने एकाच दिशेने पुसा. घुमट उन्हात उघडा ठेवू नका, तो भिंगासारखा ऊन एकवटतो आणि सीटला डाग पाडतो. पांढरं कापड टाका. वेगमापकाच्या नळीवर लाल फडकं लावलेली टोपी हवीच: मुलं त्यात फुंकर मारतात आणि यंत्र बिघडतं, शिवाय कुंभारीण माशी दिवसभरात आत मातीचं घर करते.

फलक मराठीत लिहा आणि मोठ्या अक्षरात: रिकामं वजन, इंजिन, किमान वेग, तासाला लागणारं इंधन, पंख कशाचे, किती तास काम झालं. वैमानिक अमोल यादव यांचं गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात होतं, त्यामुळे तुमचंही तसंच का, असं लोक विचारणारच. उत्तर तयार असू द्या. पंखाचा एक उघडा तुकडा, आतल्या फासळ्या दिसतील असा, टेबलावर ठेवा. हात लावायला तो द्या. मग विमानाला कोणी फारसं टोचत नाही.

हे सगळं उभ्या विमानाबद्दल झालं. उडवून दाखवायचं तर डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते. अमेरिकेत हलक्या, कमी वेगाच्या विमानांसाठीसुद्धा प्रेक्षकांपासून कसरतीच्या रेषेपर्यंत ५०० फूट अंतर ठेवतात.

आवरताना घाई नको. कॉकपिटमध्ये नाणी, शेंगांची टरफलं, मोबाइलचं झाकण काय पडलंय ते टॉर्च घेऊन शोधा. पेडलखाली अडकलेलं एक नाणंही रडर, म्हणजे शेपटीचा उभा पडदा, अडवतं. पंख उतरवून ट्रकने नेणार असाल तर प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, डावं-उजवं लिहून ठेवा. परत जोडताना नट सुटू नये म्हणून घालायची कॉटर पिन नवीच वापरा, आणि आत नायलॉनची कडी असलेलं नट हाताने फिरायला लागलं असेल तर ते टाकून द्या.