बडोद्याच्या जुन्या शहरात घर भाड्याने घेताय? आधी भिंत बघा

परदेशातून किंवा पुण्या-मुंबईहून येऊन बरेच जण मांडवीच्या आसपास, लेहरीपुरा दरवाज्याच्या आत किंवा दांडिया बाजारकडे जुनं लाकडी घर शोधतात. मराठी शेजार मिळतो, घरं खरंच सुंदर असतात, पण नुसत्या कोरीव खांबांवर भाळू नका हं.

शक्य असेल तर घर भर पावसाळ्यात बघा. खालच्या खोलीत भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पापुद्रे सुटलेत का, पांढरा खार आलाय का ते बघा, आणि खांबाच्या तळाशी, तुळई भिंतीत शिरते तिथे बोटाने टकटक करा, पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर वाळवी आहे समजायचं. ऑगस्ट 2024 च्या पुराचं पाणी इथपर्यंत आलं होतं का हे मालकाला नाही, समोरच्या काकूंना विचारा, नळाला पाणी किती वाजता येतं तेही त्याच सांगतील.

आणि कळकळीची विनंती, ओल झाकायला चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट मारू देऊ नका. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आतच अडकते आणि मग शेजारचं लाकूड कुजायला लागतं, म्हणून चुन्याचीच दुरुस्ती आणि चुन्याचाच हात द्या, आणि हे भाडेकराराच्या आधीच मालकाशी बोलून घ्या.

वायरिंग, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासा. कपाट घेण्याआधी जिन्याची रुंदी मोजा.