या चुका टाळा: बेट लावली आणि समोरून रेझ आला

गोव्यातल्या मांडवी नदीतली कॅसिनो बोट, पोकरचं १००-२००चं टेबल (डाव सुरू होताना दोघांनी सक्तीने १०० आणि २०० लावायचे), रात्रीचे दोन. माझ्या हातात बदामचा एक्का आणि किलवरची राणी. मी ८०० केले, बिग ब्लाइंडवर (सक्तीच्या २००च्या जागी) बसलेल्या काकांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, बाकी सगळे पॅक. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांत, इस्पिकची राणी, बदामची अठ्ठी, इस्पिकची चव्वी. मी १,०००, काका कॉल. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, चौकटची दुर्री. मी २,४००, काका पुन्हा कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचवा आणि शेवटचा पत्ता, किलवरची सत्ती. पॉट (मध्ये जमलेले पैसे) ८,५००. काकांनी चेक केलं (पैसे न लावता पाळी पुढे दिली), मी ३,५०० लावले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाण्याचा घोट घेतला आणि सावकाश मोजून १२,००० पुढे सारले: माझ्या बेटवर रेझ.

मला तिथेच कळलं होतं. तरी तोंडातून गेलंच, "काका, सत्ती लागली का?"

"पैसे टाका, दाखवतो."

टाकले आणखी ८,५००. काकांकडे इस्पिकची अठ्ठी-सत्ती. टू पेअर, माझी राणीची एकच पेअर.

परतताना मित्र म्हणाला, रिव्हरला बेट लावायलाच नको होती, मागून चेक करून पत्ते उघडायचे. नव्या खेळाडूंची पहिली चूक हीच: मार बसला की दोष बेटला. माझी बेट बरोबर होती, चुकला तो कॉल. हिशोब मांडून बघा. समजा असा डाव दहा वेळा आला. चार वेळा समोरचा राजा-राणी, राणी-गुलाम असले पत्ते घेऊन कॉल करतो आणि हरतो. चार वेळा तो पत्ते टाकतो. दोन वेळा त्याच्याकडे आपल्याहून भारी असतं आणि तो रेझ मारतो. नुसतं चेक करण्यापेक्षा बेट लावून आपण चार वेळा ३,५००, म्हणजे १४,००० जास्त कमावतो. दोन वेळा ३,५०० जातात, ते ७,०००. उरले ७,००० नफ्याचे. आता त्या दोन रेझना कॉल करा: आणखी १७,००० गेले आणि नफ्याचा झाला १०,००० तोटा. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण सगळी मिळकत कुठून गळते ते त्यात दिसतं.

ही खोड येते कुठून? माझ्या मते दिवाळीतल्या तीन पत्तीतून. आपण सगळे त्याच शाळेत शिकलो. तिथे शेवटी दोघे उरले की शो मागायचाच असतो. न बघता पॅक होणारा भित्रा ठरतो, आणि वहिनी वर्षभर चिडवतात. पोकरच्या रिव्हरवर आपण कॉल म्हणतो, पण मनात शोच मागत असतो. फरक एवढाच की इथला शो ८,५०० रुपयांचा होता.

"पॉट इतका मोठा होता, भाव तर मिळत होता ना?" हा पुढचा युक्तिवाद. खरंय. ८,५०० टाकून २४,०००चा पॉट, म्हणजे २६ टक्के वेळा जिंकलं तरी बरोबरी. चारात एकदा. पण हे काका या जागी चारात एकदा तरी ब्लफ करतात का, हा खरा प्रश्न. चार तासांत त्यांनी रिव्हरला एकही रेझ मारला नव्हता. छोट्या टेबलांवरचा माझा अनुभव असा की कॉल-कॉल करत आलेला शांत माणूस रिव्हरला जागा होतो तेव्हा त्याच्याकडे काहीतरी असतं. रेझ छोटा असेल, ३,५००चे फक्त ७,००० केले असतील, तरीही. आपल्याला वाटतं, एवढासा रेझ म्हणजे घाबरवतोय. बहुतेकदा तो गिऱ्हाईक पळू नये म्हणून भाव कमी ठेवत असतो.

म्हणून रेझ आल्यावर विचार सुरू करू नका. चिप्स पुढे सरकवायच्या आधी मनात वाक्य पूर्ण करा: "३,५०० लावतो, या माणसाने रेझ मारला तर पॅक." हे म्हणवत नसेल तर बेटची रक्कम बदला, नाहीतर चेक करा.

याच्या उलट चूक करणारेही भेटतात. बेट लावून पत्ते टाकायची युक्ती नवी शिकलेले लोक कुठेही पत्ते टाकतात. फ्लॉपवर, उदाहरणार्थ. पॉट १,८००, तुम्ही ६०० लावले, समोरच्याने १,८०० केले. आता १,२०० टाकून ४,२०० मिळायचे आहेत; २२ टक्के पुरतात, आणि फ्लॉपच्या रेझमध्ये फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) किंवा स्ट्रेटची (ओळीने पाच पत्ते) वाट बघणारे पत्तेही भरपूर असतात. तिथे टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी) टाकून देणं म्हणजे समोरच्याला आयतं कुरण. टर्नचं गणित वेगळं. पोकरवाल्यांमध्ये 'बलुगा थिअरम' नावाचा एक ठोकताळा फिरतो: टर्नला रेझ आला की आपल्या एका पेअरची किंमत पुन्हा तपासा. तपासा म्हटलंय, फेका नाही.

स्टॅक (तुमच्यासमोरचे पैसे) कमी असताना तर ही युक्ती विसराच. ८,५००चा पॉट, तुमच्याकडे एकूण ६,०००. तुम्ही ३,५०० लावले, समोरच्याने ऑल-इन केलं (सगळे पैसे लावले). उरलेले २,५०० वाचवायला तुम्ही १८,०००चा पॉट सोडणार? तिथे १२-१३ टक्के शक्यता असली तरी कॉल बसतो. एकतर सगळे लावा, नाहीतर चेक.

ड्रॉच्या, म्हणजे एका पत्त्यासाठी अडलेल्या हाताच्या, बाबतीत बऱ्याच जणांची गल्लत होते, माझीही वर्षानुवर्षं व्हायची. टर्नला तुमच्याकडे एक्क्याचा फ्लश ड्रॉ आहे. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत तुमचे ९, म्हणजे पाचात जवळपास एकदा लागणार. शेवटची पाळी तुमची असेल आणि समोरचा रेझ मारण्यातला असेल, तर बेट लावून तगड्या रेझपुढे पत्ते टाकणं म्हणजे हातातला पाचवा हिस्सा फेकणं. त्यापेक्षा चेक करा, रिव्हर फुकटात बघा. उलट गटशॉट, म्हणजे स्ट्रेटच्या मधला एकच आकडा हवा: त्याचे ४ पत्ते, ९ टक्क्यांहूनही कमी. ती घेऊन ब्लफ केला आणि रेझ आला तर टाकून द्या. फारसं काही जात नाही. भारी ड्रॉ जपायचा आणि फुटकळ ड्रॉने ब्लफ मारायचा, हे ऐकायला उलटं वाटतं, पण रेझ आल्यावर किती सोडावं लागतं ते मोजलं की पटतं.

आणि माणूस बघा. काकांच्या जागी कानात हेडफोन घातलेला, प्रत्येक तिसऱ्या डावात रेझ मारणारा पोरगा असता तर? आधी तुमची पाळी असेल तर त्याच्यापुढे मध्यम पत्ते घेऊन बेट लावूच नका. चेक करा, ब्लफ त्याला मारू द्या आणि कॉल करा. दुसरं म्हणजे, छोटी बेट म्हणजे तुमचे पत्ते मध्यमच, हे त्याला दोन तासांत कळतं. कधीतरी सेट (एकाच आकड्याचे तीन पत्ते) घेऊनही तेवढीच छोटी बेट लावून ठेवा.

पूर्वी फोनवर खेळलेल्या डावांचा इतिहास आपोआप साठायचा. ऑगस्ट २०२५च्या कायद्यानंतर पैशांचं ऑनलाइन पोकर आपल्याकडे बंद झालं, तेव्हापासून माझ्या खिशात एक छोटी वही असते. रेझ कुठल्या स्ट्रीटला (फ्लॉप, टर्न की रिव्हर), किती, कोणाचा आणि पत्ते दिसलेच तर काय, एवढंच लिहितो. पहिल्या पानावर काका आहेत: रिव्हर, १२,०००, अठ्ठी-सत्ती. खाली तीन महिन्यांनी त्यांचीच दुसरी नोंद आहे, रिव्हर, ९,०००. पुढची जागा रिकामी. मी पत्ते टाकले होते, त्यांनी दाखवले नाहीत.