कंबर दुखतेय? गोळीच्या आधी हे करून बघा

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात कोणा ना कोणा काकूंच्या पर्समध्ये पेनकिलरची स्ट्रिप सापडतेच, आणि रोज एक घेतली तर पोटाचं, किडनीचं काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी एक बघा. बसायच्या जागी बधिर वाटतंय, लघवी-संडासवर कंट्रोल राहत नाहीये, पायातली ताकद जातेय, ताप आहे किंवा पडल्यावर दुखायला लागलंय, तर घरचे उपाय नकोत, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

नवीन दुखणं असेल तर शेक. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पिशवीवर झोपायचं नाही, आणि ज्यांना शुगरमुळे गरम-गार नीट कळत नाही त्यांनी तर फारच जपून. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने 2017 मध्ये गाइडलाइन काढली त्यात शेक, मसाज असे उपाय गोळीच्या आधी सांगितलेत. आणि पलंगाला चिकटून राहू नका हो, घरात हिंडतं-फिरतं राहा.

दुखणं थांबलं की खरं काम सुरू होतं, कारण ते परत येतं. ऑस्ट्रेलियात 701 लोकांवर अभ्यास झाला, 2024 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला, सगळे नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले. अर्ध्यांना फिजिओने समजावून हळूहळू चालायला लावलं, आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास इथपर्यंत न्यायचं असं टार्गेट. त्यांचं दुखणं परत यायला साधारण 208 दिवस लागले, बाकीच्यांचं 112 दिवसांतच आलं! औषध काहीच नाही, नुसतं समजावणं आणि चालणं.

मग सुरुवात दहा मिनिटांनी करा, मेघदूत गार्डनला सपाट रस्त्यावर, उन्हाळ्यात अगदी सकाळी. चालताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी जास्त ठणकलं तर वेळ कमी करा, बंद नका करू.

जुन्या दुखण्यात योगासनं, ध्यान यांचाही उपयोग दिसलाय, शिकवणारा नीट बघा फक्त.

कमरेच्या बेल्टवर मात्र पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी बेल्ट, वजन लावून ताणणं, करंट देणारी टेन्स मशीन, हे सरसकट वापरू नका असंच सांगितलंय.

चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका, किती चाललात आणि किती दुखलं ते वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवूनच डोस कमी करायचं विचारा.