धंदा छोटा असला तरी वेबसाइट स्वतःची हवी, ती कशी करायची ते बघा

इन्स्टावर पेज आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी येतात, मग वेबसाइट कशाला, असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं आणि ते अगदीच चुकीचं नाही, चालतंय तोवर चालतं. पण ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम साधारण सहा तास बंद पडले होते आठवतंय का? ते तरी परत सुरू झालं. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून (गुगलवर नि मॅपवर दुकानाची माहिती दिसते ते) फुकट वेबसाइट बनवून मिळायची ती मार्च २०२४ मध्ये बंदच केली, म्हणजे ज्यांनी तो पत्ता कार्डावर नि बोर्डावर छापून घेतला होता त्यांना सगळं नव्याने छापायची वेळ. दुसऱ्याच्या जागेवर दुसऱ्याचे नियम, एवढंच.

तर सुरुवात डोमेनपासून, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्यापासून, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. वेबसाइट करून देणारा म्हणतो "तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी सगळं बघतो" आणि डोमेन स्वतःच्या अकाउंटवर घेऊन मोकळा होतो, मग वर्षभराने तो फोन उचलत नाही आणि तुमचंच नाव तुमच्या हातात नाही. म्हणून डोमेनचं अकाउंट तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर. त्याला काम करायला ॲक्सेस द्या, मालकी नको. ऑटो रिन्यू चालू ठेवा, कारण मुदत संपली की थोडे दिवस रिन्यू करायला मुभा मिळते, मग डॉट कॉमला ३० दिवस असे असतात की नाव परत मिळतं पण जबर चार्ज भरून, आणि त्यानंतर ते कोणीही उचलू शकतं.

नाव छोटं घ्या, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. मध्ये डॅश आणि आकडे नकोत.

आता साइटवर काय टाकायचं. खरं सांगू, एक पान पुरतं. लोक मोबाइलवरच उघडणार, तेव्हा पहिल्या स्क्रीनवरच दिसलं पाहिजे की तुम्ही काय करता, कुठे आहात, किती वाजेपर्यंत उघडे असता आणि फोन नंबर. नंबर बॅनरच्या फोटोत छापू नका! फोटोतल्या नंबरवर बोट दाबून काही होत नाही, गिऱ्हाईक तो पाठ करणार, डायलर उघडणार, मधले दोन आकडे विसरणार, परत मागे येणार, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणाला तरी फोन लावून मोकळा होणार. नंबर टेक्स्टमध्ये टाका आणि टॅप केलं की कॉल लागेल अशी लिंक द्या, व्हॉट्सअ‍ॅपचं बटणही तसंच. रेट कार्डचंही तेच, फोटो टाकण्यापेक्षा टाइप करा म्हणजे सर्चमध्ये सापडतं आणि बदलायलाही सोपं. रेट फिक्स नसतील तर निदान "इतक्यापासून पुढे" एवढं तरी लिहा, नाहीतर दिवसभर तेच सांगत बसाल.

फोटो स्वतःचे वापरा, इंटरनेटवरून उचललेले लगेच कळतात. फक्त मोबाइलमधून काढलेला फोटो जसाच्या तसा टाकू नका, एकेक फोटो काही एमबीचा असतो आणि पान उघडेपर्यंत माणूस गेलेला असतो, आधी साइज कमी करा. एचटीटीपीएस, म्हणजे साइट आणि गिऱ्हाईकाच्या मोबाइलमधली माहिती मधल्या कोणाला वाचता येऊ नये याची सोय, हवंच, जुलै २०१८ पासून ते नसलेल्या साइटवर क्रोम "सुरक्षित नाही" असं दाखवतं. त्याचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं, त्यामुळे कोणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर का ते विचारा. स्लायडर, चॅटबॉट, वाजणारं म्युझिक वगैरे काही नको.

गुगल बिझनेस प्रोफाइल सोडू नका हां, तिथे वेबसाइटची लिंक टाका, आणि नाव, पत्ता, नंबर दोन्हीकडे अक्षरशः सारखा ठेवा. वेळ बदलली की दोन्हीकडे बदला. मग गुगलच्या सर्च कन्सोल या टूलला साइट जोडा, फुकट आहे, लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत येतात ते थोड्या दिवसांत तिथे दिसायला लागतं. बऱ्याचदा तुम्ही एक शब्द वापरत असता आणि लोक भलताच शब्द शोधत असतात, तर तो त्यांचा शब्द पानावर घाला.