कंबरमाग शिकायचा असेल तर आधी बांबू हाताळा

वस्त्रकलेचे शिक्षण संपवून मी नागालँडच्या फेक जिल्ह्यात कंबरमाग शिकायला गेले, तेव्हा पहिल्या दिवसापासून विणायला मिळेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिला आठवडा बांबूच्या काठ्या घासण्यात गेला. त्या वेळी मी मनातून वैतागले होते. आज नवशिक्यांना मात्र मी तेथूनच आरंभ करायला सांगते.

या मागाला चौकट नसते. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, दोन दांड्यांभोवती अखंड फिरतो. एक दांडी भिंतीला किंवा खांबाला बांधलेली असते आणि दुसरी पट्ट्याने विणकर स्त्रीच्या कंबरेला. तिने मागे रेलावे की ताणा ताठ होतो, किंचित पुढे झुकावे की सैल पडतो. बाणा, म्हणजे आडवा धागा, आरपार जावा म्हणून ताण्याच्या धाग्यांत आळीपाळीने दोन फटी लागतात. एक फट बांबूच्या जाड, पोकळ नळीने कायम राखलेली असते, तर दुसरी फट दोऱ्याच्या फासांची बारीक काठी उचलून उघडावी लागते, आणि ती उचलताना शरीराने नेमका तेवढाच ढिलेपणा द्यावा लागतो. मी हातानेच जोर लावत राहिले आणि एका दुपारी फासांसह ताण्याचे कितीतरी धागे तोडून बसले.

बांबू पूर्ण पक्व असावा. कोवळा बांबू वाळताना वाकतो, शिवाय त्याला कीड लवकर लागते; म्हणूनच तेथे काठ्या चुलीवरच्या धुरात ठेवण्याची रीत आहे. पेराच्या गाठीवर राहिलेले बारीकसे कुसळही सुताचा पीळ उकलते, त्यामुळे काठी गालावरून फिरवून पाहावी. बोटांना जे कळत नाही ते गालाला कळते. कापडाची रुंदी आक्रसू नये म्हणून टोकदार कामटी आडवी खोचतात. बाणा ठोकण्याची पट्टी तेवढी ताडवर्गीय झाडाच्या जड लाकडाची असते, कारण त्या कामाला बांबूचे वजन पुरत नाही.

रंगाईतही बांबू सोडून चालत नाही. लडी बांबूच्या काठीत ओवून रंगात फिरवल्या की गुंता होत नाही. लोखंडी सळईचा मोह टाळावा, कारण लोहाच्या संपर्काने मंजिष्ठेचा लाल रंग काळपटतो. ईशान्येत या लाल रंगासाठी लोध्राच्या जातीतील झाडाची पाने रंगबंधक म्हणून वापरतात, कारण त्यांत तुरटीप्रमाणे ॲल्युमिनियम असते. (मंजिष्ठ आणि लोध्र ही नावे आपल्याला काष्ठौषधींच्या दुकानातून ठाऊक असतात, मला त्यांची खरी ओळख रंगाच्या भांड्यापाशी झाली.) राखेचे क्षारपाणी गाळायलाही बांबूचीच शंकूच्या आकाराची टोपली असते. रंगवलेले सूत भाताच्या पेजेत बुडवून आडव्या बांबूवर टांगतात आणि लडींच्या खालच्या टोकात दुसरा जड बांबू अडकवतात, म्हणजे धागे ताणातच वाळतात.

शिकण्यासाठी किमान दोन महिने हाताशी ठेवावेत. याच जिल्ह्यातील चिझामी गावात नॉर्थ ईस्ट नेटवर्क या संस्थेचा विणकर स्त्रियांसोबतचा उपक्रम २००८ पासून चालतो. तेथे किंवा अन्यत्र जायचे झाल्यास आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी आणि शेतीच्या हंगामात जाऊ नये, कारण तेव्हा बायका शेतात असतात. सुरुवातीला वीतभर रुंदीची पट्टी पुरे. शालीसुद्धा अरुंद पट्ट्या शिवूनच तयार होतात, त्यामुळे यात कमीपणा वाटायला नको. परतताना माग गुंडाळून सहज आणता येतो; फक्त ठोकण्याची पट्टी तलवारीसारखी दिसते, म्हणून विमानात ती हातातल्या सामानात ठेवू नये.