तीन बॅटऱ्या आणि एक पांढरी भिंत: प्रकाशाचे रंग घरी कसे मिसळावेत

एका वर्षी आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचे लाइट सांभाळायचे काम माझ्याकडे आले. रागाचा प्रसंग होता, म्हणून मी नायिकेवर भडक लाल स्पॉट टाकला. पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्याने म्हणाली, "अगो, तिचें कुंकू खंय गेलें?" सगळे हसले आणि प्रसंगाचे बारा वाजले. कुंकू कपाळावरच होते. पण लाल उजेडात कुंकू आणि कपाळ दोन्ही सारखीच लाल उजळली होती, त्यामुळे कुंकू वेगळे दिसायला काही कारणच उरले नव्हते. तेव्हापासून रंगीत दिवे मी आधी घरच्या भिंतीवर करून बघतो. तुम्हीही बघा, तासाभराचे काम आहे.

सामान फारसे लागत नाही. सारख्या ताकदीच्या तीन बॅटऱ्या हव्यात. गोव्यात पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे घरात दोन तरी असतातच. तिसरी शेजाऱ्यांकडून मागून आणा. लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन पेपर घ्या. दिवाळीच्या आधी आकाशकंदिलांसाठी तो सगळीकडे मिळतो. प्रत्येक बॅटरीच्या तोंडावर एकेका रंगाचे दोन-तीन पदर लावून रबर बँड घाला. एका पदरावर भागवू नका. स्वस्त कागदातून बाकीचे रंगही झिरपतात आणि मग सगळेच फिकट दिसते.

रात्री खिडक्या लावून घ्या, पांढऱ्या भिंतीसमोर दोन-तीन हातांवर बॅटऱ्या ठेवा आणि आधी फक्त लाल व हिरवा झोत एकावर एक पाडा. भिंतीवर पिवळा येईल. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खोटे वाटते, कारण लहानपणी रंगपेटीत लाल-हिरवे मिसळून आपण मातकट चिखलच केलेला असतो. पिवळ्याऐवजी नारिंगी आला तर लाल बॅटरी थोडी मागे घ्या. हिरवट आला तर हिरवी. अंतर दुप्पट केले की उजेड साधारण चौथाईवर येतो, म्हणून वीतभर सरकवले तरी फरक कळतो.

आता गंमत अशी, की त्या भिंतीवर पिवळा प्रकाश जवळपास नाहीच. तिथे लाल आहे आणि हिरवा आहे. पिवळा तयार होतो तो आपल्याकडे. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार लांब तरंगलांबीला, म्हणजे लालकडच्या प्रकाशाला, जास्त दाद देतो, दुसरा मधल्या, म्हणजे हिरव्याकडच्या, आणि तिसरा आखूड, म्हणजे निळ्याकडच्या. ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा खरा पिवळा प्रकाश पहिल्या दोघांना एकदम चेतवतो. लाल-हिरव्याची जोडीही नेमके तेच करते. मेंदूकडे पोचतो तो फक्त या तीन प्रकारच्या पेशींचा हिशोब. तो सारखा आला की रंगही सारखा.

कानाचे असे नसते. भजनात पेटीवर सा आणि ग एकदम दाबले तर जाणकाराला दोन्ही स्वर वेगळे ऐकू येतात, त्यांच्यामधला रे ऐकू येत नाही. डोळा मात्र बिनधास्त मधला रे ऐकवतो! इंद्रधनुष्यात सापडत नाही असा रंगही तो बनवतो: लाल आणि निळा झोत एकत्र करा, भिंतीवर राणी रंग येईल. त्या रंगाची एक अशी तरंगलांबीच नाही.

हिरवा-निळा मिळून मोरपिशीकडे झुकणारा आकाशी होतो. तिन्ही झोत एकत्र आले की पांढरा, निदान पांढरट. घरगुती कागदावर दुधासारख्या पांढऱ्याची अपेक्षा ठेवू नका.

मला सगळ्यांत आवडतो तो पुढचा भाग. बॅटऱ्या एकमेकींपासून वीतभर लांब ठेवा, तिन्ही झोत भिंतीवर एकाच जागी पाडा आणि मध्ये बोट धरा. सावली काळी पडणार नाही. तीन सावल्या पडतील: आकाशी, राणी आणि पिवळी. लाल जिथे अडला तिथे हिरवा-निळा उरला, म्हणून आकाशी. हिरवा अडला तिथे राणी. निळा अडला तिथे पिवळा. कलर प्रिंटरच्या शाईचे तीन रंगही हेच. शाई आणि रंगपेटी उजेडात भर घालत नाहीत, त्यातला काही भाग गिळतात, म्हणून त्यांचे गणित वजाबाकीचे. मे महिना असेल तर पिकलेला पिवळाधमक मानकुराद आंबा नुसत्या निळ्या झोतात धरा. काळपट दिसेल, कारण त्याची साल निळा गिळते आणि परत फेकायला दुसरे काही मिळतच नाही.

तीन रंगांची ही युक्ती जुनी आहे. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ साली लंडनमध्ये एका रंगीत फितीची लाल, हिरव्या, निळ्या द्रावणांतून काढलेली तीन छायाचित्रे तीन दिव्यांनी पडद्यावर एकावर एक पाडली आणि रंगीत चित्र दाखवले. तुमच्या मोबाइलचा पडदाही तेच करतो. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, बोटाने पाण्याचा बारीकसा थेंब ठेवा आणि त्यातून नीट बघा. पांढऱ्याच्या जागी लाल-हिरवे-निळे ठिपके दिसतील. थेंब लगेच पुसा.

आणि नाटकात लाल टाकायचाच असेल, तर समोरून थोडा हिरवाही मिसळा. कपाळ तो हिरवा परतवते, कुंकू गिळते, आणि टिकली पुन्हा गडद उठून दिसते. हे आधी माहीत असते तर आजीने तोंड उघडले नसते.