म्युनिकहून नॉयश्वानस्टाइन एका दिवसात: गाडीच्या वेळेत चार तास मिळवा

म्युनिकहून नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघून रात्री परत यायचं म्हटलं की जो तो सांगतो, ‘सकाळी लवकर निघा.’ चार-पाच मित्र मिळून बायर्न-तिकीट (बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं रेल्वेचं तिकीट) काढणार असाल, तर सोमवार ते शुक्रवार या सल्ल्याचा काडीचा उपयोग नाही. ते तिकीट या दिवसांत सकाळी ९ नंतरच चालतं. शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून.

१. तिकीट. पाच जणांपर्यंत एकच पुरतं, तेही दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाडीत चढू नका. तिकिटावर प्रत्येकाचं नाव हवं. फ्युसेन या राजवाड्याजवळच्या स्टेशनहून पुढची बस यातच येते, वेगळे पैसे देऊ नका.

२. राजवाड्याची वेळ. इथे मी एकदा सपशेल आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आत सोडतात ते ठरावीक वेळेच्या गटातच. राजवाड्याच्या तिकिटावर वेळ असते, ती टळली की तिकीट गेलं. आम्ही पाच जण होतो. गाडी साडेअकराला फ्युसेनला पोचणार, तिथून राजवाड्याच्या पायथ्याचं होहेनश्वानगाऊ गाव बसने दहा मिनिटं, मग साडेबाराची वेळ काय वाईट, असा हिशेब मीच केला होता. कागदावर तो बरोबर होता. प्रत्यक्षात गाडीतले सगळेच त्या बसवर तुटून पडले आणि पहिली बस आमच्यासमोरून भरून गेली. उतरल्यावर दोघांना टॉयलेटला जायचं होतं, तिथे रांग. त्यात एक जण म्हणाला, ‘वर जातोच आहोत तर आधी पूल करून टाकू.’

हा पूल म्हणजे मारियनब्रुक. राजवाड्याचा जो फोटो सगळीकडे दिसतो, तो इथूनच काढलेला. खाली पोलाट नदीची ९० मीटर खोल घळ, पायाखाली फळ्या, आणि गर्दी हलली की त्या फळ्याही किंचित हलतात. तिथे प्रत्येकाचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर काढून झाला. धापा टाकत राजवाड्याच्या चौकात उतरलो, तर फलकावर आमच्या नंतरच्या गटाचा नंबर लागलेला. अकरा मिनिटांचा उशीर. पाच जणांचे मिळून शंभरएक युरो गेले, आणि परतीच्या गाडीत वाटेतल्या बुखलो स्टेशनपर्यंत माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: म्युनिकहून गाडी सुटते त्या वेळेत चार तास मिळवायचे आणि त्यानंतरचीच वेळ ऑनलाइन घ्यायची. साडेनऊची गाडी असेल तर दीड वाजताची किंवा पुढची. दोन तास गाडी, अर्धा तास बस आणि तिची वाट बघणं, चाळीस मिनिटं चढण, उरलेला वेळ तुमच्या मित्रांचा. तो लागतोच. ‘तिकीट काय, तिथे गेल्यावर मिळतं’ म्हणणाऱ्यांना उन्हाळ्यात खिडकीपुढच्या रांगेत उभं करायला हवं.

आणि पूल नंतर. आधी राजवाडा, मग पूल, यात तडजोड नाही.

३. गाडी. म्युनिक स्टेशनवर २७ ते ३६ हे फलाट एका बाजूला, बरेच आत आहेत. तुमची गाडी तिथली असेल तर दहा मिनिटं हाताशी ठेवा. काही गाड्या थेट फ्युसेनला जातात, काहींना बुखलो किंवा काउफबॉयरेनला बदलावं लागतं.

४. चढण. चालत जा. दीड किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, सिंहगड चढणाऱ्याला तो किरकोळ. घोडागाडी दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच. गावातून वर जाणारी बस पुलाजवळ सोडते, म्हणजे पुन्हा पुलाचा मोह. बर्फ पडला की ती बंद, आणि बऱ्याचदा पूलही.

५. आत. अर्ध्या तासाची फेरी, फोटोला बंदी. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि १८८६ च्या जूनमध्ये तो वारला, काम अर्धवटच राहिलं. सिंहासनाच्या दालनात सोनेरी भिंती आहेत, संगमरवरी पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांच्या वर काहीच नाही. सिंहासन कधी बसवलंच गेलं नाही. त्या रिकाम्या जागेसमोर गट दोन मिनिटं थांबतो, तेवढ्यात नीट बघून घ्या. राजा गेल्यावर सात आठवड्यांत, १ ऑगस्टला, लोकांना तिकीट लावून आत सोडायला सुरुवात झालीसुद्धा.

६. खाणं. खाली महाग आहे. रविवारी जर्मनीत किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच ब्रेड-चीज घेऊन ठेवा. घरून आणलेला चिवडा उरला असेल तर तो आल्पझे तळ्याकाठच्या बाकावर संपवा. तळं बसथांब्यापासून पाच मिनिटांवर आहे.

७. परतताना फ्युसेनहून साधारण तासाला एक गाडी. बस स्टेशनात शिरताना गाडी उभी दिसली तर धावा, कुणाला आइस्क्रीम घेऊ देऊ नका.